मालिकांची क्रमवारी आणि वीरांचा सन्मान

आपल्या देशात दोन याद्या अशा निघतात की ज्यांची पुष्कळ माणसे वाट पाहत असतात. पहिली यादी दर आठवड्याला निघते. दूरचित्रवाणीवरील कोणती मालिका पहिल्या क्रमांकावर आली, कोणती घसरली, कोणती आता गुंडाळावी लागणार, हे त्या यादीवरून ठरते. दुसरी यादी वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, राष्ट्रपतींच्या नावाने जाहीर होते. सैन्यातील व पोलीस दलातील कोणत्या माणसांनी केवढे शौर्य गाजवले, त्यांपैकी कोण आता हयात नाहीत, हे तीत सांगितलेले असते. पहिल्या यादीची चर्चा पाणवठ्यावर, लोकलच्या डब्यात आणि कँटीनमध्ये आठवडाभर चालते. दुसरी यादी वर्तमानपत्राच्या एका रकान्यात येते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते.

यात लोकांचा दोष आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कामगारांत तीस वर्षे काम केल्यावर आमची एक सवय झाली आहे. कोणताही आकडा समोर आला की तो कोणी मोजला, कशासाठी मोजला आणि मोजताना कोण सुटले, हे तीन प्रश्न आम्ही आधी विचारतो. पगारपत्रकाला जे प्रश्न विचारायचे, तेच या दोन याद्यांना विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली यादी आधी घेऊ. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा एकच सरकारी वाहिनी होती, त्यामुळे क्रमवारीचा प्रश्नच नव्हता. जे लागेल ते पाहायचे. पुढे मालिकांचे युग आले, जाहिरातदार आले, आणि आपल्या पैशाचा माल किती डोळ्यांपुढे जातो हे त्यांना कळणे जरूर झाले. आरंभी काही निवडक घरांत वह्या देत आणि कोणी काय पाहिले ते घरच्यांनी लिहून ठेवावे असे सांगत. लिहिणारा विसरे, किंवा आठवड्याचे सगळे एका बैठकीत भरून टाकी. म्हणून नंतर यंत्रे आली. २०१५ सालापासून हे आकडे ‘बार्क’ नावाची संस्था काढू लागली. ती वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून स्थापन केलेली असून तिच्या भांडवलातील साठ टक्के वाटा वाहिन्यांच्या संघटनेचा ठेवण्यात आला. म्हणजे तराजू मुख्यतः माल विकणाऱ्याच्याच मालकीचा, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

हे यंत्र चालते कसे? प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात एक बारीक खूण मिसळते. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, पण निवडलेल्या घरातील मीटरला ती ओळखू येते. घरातील प्रत्येक माणसाला एक बटण नेमून दिलेले असते. पाहायला बसताना त्याने ते दाबायचे आणि उठताना पुन्हा दाबायचे. अशा रीतीने कोणत्या मिनिटाला कोणत्या वयाचे माणूस कोणत्या वाहिनीसमोर होते, ते नोंदले जाते. मग मिनिटामिनिटांची सरासरी काढतात. समजा, शंभर माणसांपैकी वीस माणसांनी अर्ध्या तासाची मालिका पंधरा मिनिटेच पाहिली, तर दर मिनिटाचा सरासरी प्रेक्षक दहा धरला जातो. ज्या मालिकेची ही सरासरी सर्वांत मोठी, ती त्या आठवड्याची पहिली.

मीटर किती घरांत असतात? २०२० साली ते सुमारे ४४ हजार घरांत होते, आणि त्या वेळी देशात दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २१ कोटी धरली जात होती. म्हणजे साधारण पावणेपाच हजार घरांमागे एक घर. एवढ्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधता येतो का, असे कोणी विचारील. घरे नीट निवडली तर येतो. शिते पाहून भात शिजला की नाही हे कळते, मात्र शिते पातेल्याच्या सगळ्या भागांतून घेतली पाहिजेत. ही घरे निवडताना गाव की शहर हे पाहतात, तसेच घरातील मुख्य मिळवत्या माणसाचे शिक्षण किती आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत हेही पाहतात. ज्या घरात वस्तू अधिक, त्या घराचे डोळे जाहिरातदाराला अधिक मोलाचे. मत सर्वांचे सारखे हे लोकशाहीत खरे असते, बाजारात ते तसे नसते.

शिवाय घरे थोडी असली की ती फितवण्याचा मोहही होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये, मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवले जातात अशा आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तो खटला राज्य सरकारने पुढे मागे घेतला. पण मधल्या काळात बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे बंद ठेवावे लागले होते, आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

आता या यादीला आमचा दुसरा प्रश्न. ती नेमके काय मोजते? ‘लोकांच्या आवडीच्या मालिका’ असे तिला म्हणतात खरे, परंतु ती मोजते ती हजेरी. गिरणीच्या मस्टरवर हजेरी लागली म्हणून माणूस मन लावून काम करीत होता असे सिद्ध होत नाही, तो साच्याशेजारी डुलक्याही घेत असेल. घरात पाहुणे बसलेत, भाजी निवडणे चालू आहे, मुलगा अभ्यासाचे पुस्तक उघडे टाकून मान वळवतो आहे, आणि समोर मालिका चालू आहे. मीटर हे सगळे ‘प्रेक्षक’ म्हणून लिहून घेते. एखादा कार्यक्रम आपण एकदाच पाहिला आणि तो जन्मभर लक्षात राहिला, तर त्या लक्षात राहण्याला या यादीत जागा नाही.

१९८८ साली आम्ही ऐन पोरवयात होतो. आमच्या चाळीत मजल्यावर एकच संच होता आणि रविवारी सकाळी त्या दहा बाय बाराच्या खोलीत, दारात आणि गॅलरीत मिळून चाळीसेक माणसे उभी असत. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू होऊन ३१ जुलै १९८८ ला संपले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ‘महाभारत’ सुरू झाले. याच काळात चेतन आनंद यांनी दिग्दर्शित केलेली ‘परमवीर चक्र’ ही मालिका दूरदर्शनवर आली, आणि पुढच्या वर्षी ‘फौजी’ आली. ‘फौजी’मुळे शाहरुख खान घरोघर पोहोचला. लोकप्रियतेची यादी केली तर ‘परमवीर चक्र’ हिला रामायण-महाभारताच्या जवळपासही कोणी बसवणार नाही. परंतु त्या मालिकेत नसिरुद्दीन शहांनी उभा केलेला अब्दुल हमीद आमच्या मजल्यावरच्या पोरांनी गॅलरीत कित्येक दिवस खेळला. पत्र्याचा डबा हा रणगाडा आणि जिन्याखालची हातगाडी ही जीप. कोणती मालिका किती जणांनी पाहिली आणि कोणती किती खोल गेली, ही दोन मापे निराळी आहेत.

आता दुसरी यादी. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तीन पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ती लागू करण्यात आली. शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी ही तीन. शत्रूशी समोरासमोर युद्ध चालू नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी दुसरी तीन. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवणारे, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले, ते या दुसऱ्या मालिकेतले सर्वोच्च.

परमवीर चक्राची घडण सावित्रीबाई खानोलकर यांची. त्या जन्माने युरोपातल्या. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेली ही मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून येथे आली आणि येथल्या पुराणांशी एकरूप झाली. पदकावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे झाले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहेच. पदक काशाचे आहे. सोन्याचे नाही, हे आम्हांला विशेष वाटते.

ही यादी तयार कशी होते? पलटणीचा प्रमुख अधिकारी घडलेली हकीगत लिहून काढतो: दिवस, वेळ, ठिकाण, काय केले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी जोडतात. ते कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कमांड असे पायरीपायरीने वर चढतात. प्रत्येक पायरीवर पदकाचा दर्जा कमी-जास्त होऊ शकतो. शेवटी संरक्षण मंत्रालय व राष्ट्रपती, आणि मग राजपत्र. म्हणजे येथेही क्रमवारी आहे, परंतु तिचे माप आठवड्याचे नाही आणि मतांचेही नाही. आजवर परमवीर चक्र फक्त २१ जणांना मिळाले, त्यांतील १४ जणांना मरणोत्तर. वीस भूसेनेचे आणि एक हवाईदलाचे, १९७१ चे निर्मलजितसिंग सेखों. या एकवीस जणांत वरखाली कोणी नाही.

या यादीतूनही माणसे सुटतात, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेथे पाहणारा कोणी जिवंत उरला नाही, तेथे साक्ष कोण देणार? नोंदींतही घोटाळे होतात. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंग यादव यांचे परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले, आणि मग कळले की एकोणीस वर्षांचा तो जवान इस्पितळात जखमा भरून येण्याची वाट पाहत पडला आहे.

अब्दुल हमीद यांचे पाहा. उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर नावाचे खेडे आहे. तेथल्या शिंप्याच्या घरात १ जुलै १९३३ रोजी त्यांचा जन्म झाला. १९६५ मध्ये ते ४ ग्रेनेडियर्स पलटणीत कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे शिधासामानाचा हिशेब ठेवणारे. खेमकरण भागात शत्रूचे पॅटन रणगाडे चालून आले तेव्हा जीपवर बसवलेली तोफ घेऊन ते पुढे गेले. ही तोफ डागली की मागून ज्वाळेचा आणि धुळीचा लोट उठतो आणि तोफ कोठे आहे ते शत्रूला चटकन कळते. म्हणून एक गोळा सोडायचा आणि लागलीच जीप हलवायची, असे ते काम. १० सप्टेंबर १९६५ रोजी चीमा गावाजवळ असेच एकामागून एक रणगाडे फोडताना त्यांना वीरमरण आले. त्यांनी एकंदर किती रणगाडे फोडले याचे आकडे निरनिराळ्या नोंदींत निरनिराळे आहेत. रणगाडे तीन असोत की सात, त्या माणसाची उंची त्याने एक इंचही कमी होत नाही.

दुसरे उदाहरण रामा राघोबा राणे यांचे. कारवारकडचे, पोलीस शिपायाचे चिरंजीव, बॉम्बे सॅपर्स पलटणीतले सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी हा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचा होता. वाटेत सुरुंग पेरलेले, मोठमोठी झाडे आडवी पाडलेली, पूल उडवलेले आणि डोंगरावरून गोळीबार चाललेला. ८ एप्रिलला तोफमाऱ्यात त्यांचे दोन जवान ठार झाले आणि ते स्वतः जखमी झाले. तरी त्यांनी दिवसरात्र खपून ११ एप्रिलपर्यंत रस्ता करून दिला. एके ठिकाणी पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करीत त्यांनी तो सुरुंगांतून पार नेला. या पराक्रमात तलवार उपसून धावणे नाही. झाडे तोडणे आहे, माती उपसणे आहे, वळणरस्ता काढणे आहे. ज्यांचे हात कामाचे आहेत त्यांना हा पराक्रम अधिक कळेल. राणे जिवंत परत आले, मेजर होऊन निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले.

येथे दोन्ही याद्या एकमेकींना भेटतात. दूरचित्रवाणीला अब्दुल हमीदांची गोष्ट सोपी जाते. धडाका आहे, धूर आहे, शेवटी बलिदान आहे. राण्यांचे तीन-चार दिवसांचे खोदकाम दाखवायला तीच मंडळी कचरतात, कारण मिनिटांची सरासरी घसरण्याची भीती असते. म्हणून पहिल्या यादीच्या मापाने दुसऱ्या यादीतली माणसे निवडली जाऊ लागली की शूर कोण याची आपली कल्पनाच हळूहळू आकसते. रस्ता करणारा, जखमींना उचलून आणणारा, सियाचेनवर निव्वळ थंडीशी झुंजत पहारा करणारा, हे सगळे पडद्याबाहेर राहतात.

याहून गंभीर गोष्ट २००८ साली घडली. मुंबईवरील हल्ल्यात कमांडो इमारतींत शिरत होते आणि कित्येक वाहिन्या ते जसेच्या तसे दाखवत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधील आपल्या निकालपत्रात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पडद्यावरची दृश्ये पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार फोनवरून सूचना देत होते. पहिल्या क्रमांकासाठी धावणाऱ्यांनी, ज्यांचे गुणगान ते करीत होते त्यांचेच प्राण धोक्यात घातले. पुढे २०१५ मध्ये नियम झाला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असेतो तिचे थेट प्रक्षेपण करू नये आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच सांगावी. नियम करावा लागला, यातच सर्व आले.

मग मालिका पाहणे पाप आहे का? मुळीच नाही. बारा तास राबून आलेल्या माणसाला अर्धा तास मन रमवण्याचा हक्क आहे, आणि आपल्याला काय आवडले हे सांगण्याचाही हक्क आहे. आमच्या भागातील मंडळे २६ जानेवारीला आवडत्या मालिकेसाठी चिठ्ठ्या घेतात आणि त्याच मंडपात निवृत्त जवानांना शाल-श्रीफळ देतात. हे दोन्ही कार्यक्रम एकत्र असण्याला आमचा आक्षेप नाही, ते नीट करावेत इतकेच म्हणणे आहे. चिठ्ठ्या घ्यायच्या तर प्रत्येकाला तीन पसंत्या द्याव्यात आणि त्यांना अनुक्रमे तीन, दोन, एक असे गुण धरावेत, म्हणजे एकाच गटाच्या जोरावर एक मालिका वर जाणार नाही. रात्रपाळीवाल्यांच्या आणि घरकामाला जाणाऱ्या भगिनींच्या चिठ्ठ्या त्यांच्या सवडीने घ्याव्यात. किती जणांनी मत दिले तो आकडा निकालाबरोबर वाचून दाखवावा. आणि आणखी एक प्रश्न चिठ्ठीवर असावा: वर्षानंतरही आठवतो असा एक कार्यक्रम कोणता? त्या उत्तरांची यादी वेगळी लावावी. दोन्ही याद्या शेजारी लावून पाहिल्या की पाहणाऱ्यांना जे समजायचे ते समजेल.

जवानांच्या सत्काराबद्दल मात्र आम्हांला थोडे कडक बोलावे लागते. सैन्यातला शिपाई पंधरा-वीस वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेरच घरी येतो. पोरे शाळेत असतात, पुढची वीस वर्षे उभी असतात. पुष्कळ जण सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. अशाच एका माजी नाईकाला आमच्या समोर मंचावर हार घातला गेला. टाळ्या पुष्कळ झाल्या. तेथून तो सरळ बारा तासांच्या पाळीवर गेला. त्याच्या पगारातून भविष्यनिधीचे पैसे ठेकेदार कापत होता आणि खात्यावर मात्र भरत नव्हता. सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, रक्षकांची मंडळे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. हे त्या भल्या माणसाला कोणी सांगितले नव्हते, आणि हार घालणाऱ्यांना ते विचारण्याचे सुचले नव्हते. युनियनने लेखी तक्रार केली, आठ महिने पाठपुरावा केला, तेव्हा रक्कम भरली गेली. आमच्या मते त्या माणसाचा खरा सत्कार त्या दिवशी झाला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या मंडळाला जवानाचा सत्कार करायचा असेल त्याने शाल आणण्याआधी त्याच्या घरी जावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. निवृत्तिवेतन वेळेवर येते का? सध्याच्या नोकरीत किमान वेतन आणि भविष्यनिधी मिळतो का? मुलांच्या शिक्षणाच्या सवलती घेतल्या का? घरात वीरपत्नी किंवा वीरमाता असेल तर तिची कागदपत्रे पूर्ण आहेत का? जेथे ‘नाही’ असे उत्तर येईल तेथे मंडळातल्या लिहित्या-वाचत्या तरुणाने अर्ज लिहून द्यावा. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाची छोटी पताका आपण छातीवर लावतो. तो निधी याच कामासाठी असतो, त्यात हात आखडता घेऊ नये.

दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथे एकवीस परमवीरांचे पुतळे आहेत. परंतु त्या पुतळ्यांहून मोठी जागा व्यापली आहे ती त्यागचक्राच्या गोलाकार भिंतींनी. त्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, एका विटेवर एक नाव. त्यांतल्या बहुतेकांवर कधी मालिका निघाली नाही आणि निघणारही नाही. आपल्या तालुक्यातलीही नावे त्या भिंतीवर असतील. ती कोणती, त्यांच्या घरी आज कोण आहे आणि त्यांचे कसे चालले आहे, एवढे या वसंत ऋतूत शोधून काढले तरी या व्याख्यानमालेला आलेल्या श्रोत्यांनी एक चांगले काम केले असे होईल. मालिका रात्री आठ वाजता लागतात. त्याआधीचा संध्याकाळचा तास या कामाला पुरेसा आहे.